वाकणारा डीएनए आणि आपल्या घरातला सिकलसेल
(संस्थेच्या विद्यार्थी गुणगौरव कार्यक्रमात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजचा माझा विषय ऐकायला कोरडा वाटेल. प्रथिने डीएनएला कशी चिकटतात आणि त्याला कशी वाकवतात, हा तो विषय. बारावीच्या पुस्तकात तो अर्ध्या पानात आटोपतो आणि परीक्षेला आला तर दोन गुणांना येतो. परंतु अमरावती-अकोल्याच्या आपल्या वस्त्यांमध्ये हा विषय पुस्तकात राहत नाही, तो घरात येतो. हातपाय दुखून रात्र रात्र रडणारी मुले, वरचेवर होणारी कावीळ, वारंवार चढवावे लागणारे रक्त, आणि "पोरगी दिसायला फिक्की आहे" म्हणून मोडलेली सोयरीक हे सर्व आपण पाहिलेले आहे. त्या आजाराचे नाव सिकलसेल. त्याचे मूळ डीएनएच्या एका अक्षरात आहे, आणि त्यावरचा सर्वात नवा उपाय डीएनएला चिकटणाऱ्या एका प्रथिनाशी संबंधित आहे. म्हणून हा विषय मी आपल्यासमोर निवडला.

आधी थोडा इतिहास. 1910 साली शिकागोच्या डॉ. हेरिक यांनी वेस्ट इंडीजमधून आलेल्या एका विद्यार्थ्याच्या रक्तात विळ्याच्या आकाराच्या पेशी पाहिल्याची नोंद प्रसिद्ध केली. इंग्रजीत विळ्याला सिकल म्हणतात, त्यावरून हे नाव पडले. भारतात 1952 साली निलगिरीतील आदिवासींमध्ये आणि आसामच्या मळ्यांतील मजुरांमध्ये अशा पेशी आढळल्या. आपल्या विदर्भाची नोंद 1958 ची. नागपूरचे शुक्ला आणि सोळंकी यांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात मध्य भारतातील सिकलसेलविषयी लिहिले, आणि त्यात आपला समाज होता. दीक्षाभूमीवरील धम्मदीक्षेला तेव्हा जेमतेम दोन वर्षे झाली होती. जनगणनेत आपण बौद्ध झालो, पण वैद्यकीय शोधनिबंधांत आपले जुने नाव पुढे कितीतरी वर्षे तसेच छापले जात राहिले. असो. नंतरच्या अनेक पाहण्यांत विदर्भातील आपल्या समाजात वाहकांचे प्रमाण शेकडा दहाच्या आसपास, काही ठिकाणी त्याहूनही जास्त दिसून आले. आदिवासी बांधवांमध्येही हा आजार पुष्कळ आहे.

आता डीएनएकडे येऊ. आपल्या प्रत्येक पेशीच्या केंद्रात सुमारे 2 मीटर लांबीचा डीएनए असतो. केंद्राचा व्यास मात्र मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्श्याहूनही कमी. एवढा धागा एवढ्याशा जागेत बसवायचा म्हणजे तो वाकवलाच पाहिजे. येथे एक अडचण आहे. डीएनए हा लांबून पाहिला तर दोरासारखा लवचिक वाटतो, पण त्याचा लहान तुकडा पऱ्हाटीसारखा ताठ असतो. साधारण दीडशे अक्षरांच्या तुकड्याला आपण होऊन फारसे वाकता येत नाही. याचे एक मोठे कारण असे की, त्याच्या दोन्ही कडांवर फॉस्फेटचे ऋण विद्युतभार ओळीने बसलेले असतात. सारखे भार एकमेकांना दूर लोटतात, त्यामुळे तो ताणलेला राहतो.

प्रथिने ही ताठरता दोन-तीन प्रकारे मोडतात. पहिला प्रकार भाराचा. हिस्टोन नावाची प्रथिने धन भाराची असतात. आठ हिस्टोन एकत्र येऊन एक रीळ तयार करतात आणि त्याभोवती डीएनएची 147 अक्षरे पावणेदोन वेढ्यांच्या आत-बाहेर गुंडाळली जातात. रिळाकडच्या बाजूचा ऋण भार शमतो, पलीकडचा तसाच राहतो, आणि डीएनए आतल्या बाजूला वळतो. ही रचना 1997 साली अणूअणूपर्यंत स्पष्ट झाली. अशी लक्षावधी रिळे आपल्या एकेका पेशीत आहेत.

दुसरा प्रकार पाचरीचा. लाकूड फोडताना आपण फटीत पाचर ठोकतो, तसा. डीएनएच्या पिळाला दोन खोबणी असतात, एक रुंद आणि एक अरुंद. जनुक वाचायला सुरुवात करायची जागा दाखवणारे टीबीपी नावाचे एक प्रथिन आहे. ते अरुंद खोबणीवर घोड्याच्या खोगिरासारखे बसते, आपल्या अंगची दोन टोके अक्षरांच्या जोड्यांमध्ये पाचरीसारखी घुसवते आणि डीएनएला जवळजवळ काटकोनात, सुमारे 80 अंशांनी, वाकवते. ही गोष्ट 1993 साली उघड झाली. ज्या अक्षरांवर ते बसते त्या जागेला 'टाटा' पेटी म्हणतात, कारण तेथे टी आणि ए ही अक्षरे येतात. जमशेदपूरच्या टाटांचा तिच्याशी काही संबंध नाही, हे विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावे. टी आणि ए यांच्या जोडीत दोनच हायड्रोजन बंध असतात, जी आणि सी यांच्या जोडीत तीन. म्हणून टी-एचा भाग वाकवायला आणि उकलायला सोपा जातो. डीएनएची अक्षरे केवळ अर्थ सांगत नाहीत, ती कोठे वाकेल हेही सांगतात. मला या सर्व विषयातील हीच गोष्ट सर्वात सुंदर वाटते.

तुम्ही विचाराल, वाकवून काय साधते? त्यासाठी हिमोग्लोबिनचेच उदाहरण घेऊ.

हिमोग्लोबिनमध्ये दोन अल्फा आणि दोन बीटा साखळ्या असतात. बीटा साखळीचे जनुक अकराव्या गुणसूत्रावर आहे. साखळीत 146 ॲमिनो आम्ले. त्यातील सहाव्या जागेसाठी जनुकात जीएजी ही तीन अक्षरे असतात. सिकलसेलमध्ये मधल्या ए च्या जागी टी येतो, जीटीजी होते, आणि ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन बसते. फरक इतकाच. पण व्हॅलिनला पाण्याचे वावडे. प्राणवायू सोडून दिल्यावर हे हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटून लांब काड्या बनवतात, गोल पेशी विळ्यासारखी होते, बारीक रक्तवाहिन्यांत अडकते, आणि मग ती हाडे फोडणारी वेदना सुरू होते. निरोगी तांबडी पेशी 120 दिवस जगते, विळ्याची पेशी दहा-वीस दिवसांत मरते. म्हणून पंडुरोग, म्हणून डोळे पिवळे.

आता एक निरीक्षण आपल्या आया-आजींनीही केलेले आहे. असे मूल जन्मतः चांगले असते. पाच-सहा महिने काही होत नाही. त्यानंतर हातापायांची बोटे सुजतात, ताप येतो. मग घरातले म्हणतात, नजर लागली, बाहेरचे काही झाले. कुणी सुनेच्या पायगुणावर येतात, कुणी अंगारा आणतात. कालामांना तथागतांनी जे सांगितले ते वंदनेनंतर आपण विसरतो, ते असे. याच निरीक्षणाकडे 1948 साली न्यूयॉर्कच्या डॉ. जेनेट वॉटसन यांनी वेगळ्या नजरेने पाहिले. त्यांनी सुचवले की, नवजात बाळाच्या रक्तात गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन भरपूर असते, तेच त्याचे रक्षण करत असावे. ते अनुमान खरे ठरले. गर्भात बीटाऐवजी गॅमा साखळी वापरली जाते. गॅमाचे जनुक वेगळे, त्यात हा दोष नसतो, आणि गॅमा असलेले हिमोग्लोबिन त्या काड्यांत सामील होत नाही. जन्मानंतर गॅमा बंद होत जाते, बीटा सुरू होते, आणि दोष उघडा पडतो.

म्हणजे आजारी माणसाजवळ औषध आहेच. ते जन्मानंतर बंद केले गेले आहे. कोणी बंद केले, हा खरा प्रश्न.

अकराव्या गुणसूत्रावर ही जनुके एका ओळीत आहेत. आधी गर्भाच्या अगदी सुरुवातीचे, मग दोन गॅमा, मग डेल्टा, शेवटी बीटा. ओळीच्याही आधी, बीटापासून सुमारे पन्नास हजार अक्षरे दूर, एक नियंत्रण प्रदेश आहे. तो ज्या जनुकाला जाऊन भिडतो ते जनुक जोरात चालते. पन्नास हजार अक्षरे दूर असलेली जागा भिडणार कशी? डीएनए वाकून. नऊवारी लुगडे पसरले तर त्याची दोन टोके किती लांब असतात, पण घडी घातली की एकमेकांवर येतात. गाटा-1, एलडीबी-1 अशी प्रथिने त्या प्रदेशावर आणि जनुकावर बसून डीएनएचा फास तयार करतात आणि दोन्ही टोके धरून ठेवतात. 2012 साली शास्त्रज्ञांनी एलडीबी-1 मुद्दाम जनुकाजवळ बांधून पाहिले, तर फास तयार झाला आणि जनुक सुरूही झाले. प्रथिनाने डीएनए वाकवणे हे कारण आहे, जनुक चालणे हे कार्य आहे, हे त्यातून दिसले. अमुक असेल तर तमुक होते, हा प्रतीत्यसमुत्पादाचा विचार करण्याची सवय असलेल्या आपल्या मंडळींना हे समजायला जड जाऊ नये.

शेतकऱ्याच्या भाषेत सांगायचे तर हे पाटाच्या पाण्यासारखे आहे. पाट एकच. गर्भात बारे गॅमाच्या वाफ्याकडे फोडलेले असते. जन्मानंतर कोणीतरी तेथे माती लावतो आणि पाणी बीटाच्या वाफ्यात जाते. माती लावणारा गडी 2008 साली सापडला. अमेरिकेत विजय शंकरन आणि स्टुअर्ट ऑर्किन यांच्या गटाने दाखवले की, बीसीएल-11-ए नावाचे प्रथिन गॅमाला दाबून ठेवते. ते गॅमा जनुकाच्या सुरुवातीच्या 115 अक्षरे अलीकडे बसते, हे 2018 साली नक्की झाले. तेथे ते टी-जी-ए-सी-सी-ए ही सहा अक्षरे ओळखते.

विद्यार्थ्यांनी येथे एक हिशेब करून पाहावा. चार अक्षरांतून सहा अक्षरांचे शब्द 4096 होतात. म्हणजे तीनशे कोटी अक्षरांच्या आपल्या संचात हा शब्द निव्वळ योगायोगानेही सात लाखांहून अधिक ठिकाणी यायला हवा. मग हे प्रथिन नेमके गॅमापाशीच का काम करते? कारण बहुतेक जागा हिस्टोनच्या रिळात गुंडाळून झाकलेल्या असतात. शिवाय शेजारी दुसरी कोणती प्रथिने बसली आहेत, यावरही चिकटणे अवलंबून असते. शब्द तोच, पण तो कोठे आणि कोणाच्या शेजारी लिहिला आहे याला महत्त्व आहे.

काही निरोगी माणसांमध्ये या सहा अक्षरांच्या जागीच जन्मतः बदल असतो. बीसीएल-11-ए तेथे बसू शकत नाही आणि गॅमा आयुष्यभर चालू राहते. अशा माणसांना त्याचा काही त्रास होत नाही. निसर्गाने केलेला हा प्रयोग पाहूनच उपचाराची कल्पना पक्की झाली. आपल्याकडच्या सिकलसेलची गोष्टही थोडी अशीच आहे. भारत आणि अरबस्तानातील सिकल जनुकाबरोबर बहुधा गॅमाच्या 158 अक्षरे अलीकडे एक बदल वारशाने येतो. त्यामुळे आपल्या रुग्णांत गर्भाचे हिमोग्लोबिन शेकडा पंधरा-वीसपर्यंत राहिलेले आढळते, आफ्रिकेतील रुग्णांत ते बरेच कमी असते. यावरून काही जण म्हणतात की, भारतातला सिकलसेल सौम्य. नागपूरच्या डॉक्टरांचा अनुभव तसा नाही. विदर्भात तीव्र आजाराची मुले पुष्कळ आहेत. तेव्हा त्या 'सौम्य' शब्दावर कोणी विसंबू नये.

नवा उपचार असा. रुग्णाच्या हाडांच्या मगजातील मूळ पेशी काढायच्या. त्यात कॅस-9 हे प्रथिन सोडायचे. याच पद्धतीसाठी शार्पेंतिए आणि डाउडना या दोन विदुषींना 2020 चे नोबेल मिळाले. हे कॅस-9 सुद्धा डीएनएवर बसून त्याला वाकवते आणि पीळ देते. त्या वाकण्यामुळेच जोड्या उकलतात आणि आतली अक्षरे वाचता येतात, मग ते कापते. या उपचारात ते बीटाच्या दोषाला हातही लावत नाही. दुसऱ्या गुणसूत्रावर बीसीएल-11-ए चे जनुक आहे, त्यात गाटा-1 बसण्याची एक जागा आहे. तीच तोडली जाते. ती जागा फक्त तांबड्या पेशींच्या कामाची असल्यामुळे शरीराच्या इतर पेशींतले बीसीएल-11-ए शाबूत राहते. तांबड्या पेशींत मात्र माती लावणारा गडीच कमी होतो आणि पाणी पुन्हा गॅमाकडे वळते. एक चिकटण्याची जागा गेली की सारा खेळ बदलतो, तो असा.

ब्रिटनने नोव्हेंबर 2023 मध्ये आणि अमेरिकेने डिसेंबर 2023 मध्ये या उपचारास मान्यता दिली. मान्यतेच्या वेळच्या चाचणीत 31 पैकी 29 रुग्णांना सलग वर्षभर तीव्र वेदनेचा झटका आला नाही. पण पेशी परत देण्यापूर्वी जोरदार केमोथेरपी घ्यावी लागते, कित्येक आठवडे दवाखान्यात काढावे लागतात, आणि अमेरिकेत त्याची किंमत 22 लाख डॉलर, म्हणजे त्या वेळच्या दराने सुमारे 18 कोटी रुपये ठरली. ज्यांच्या रक्तात हा आजार आहे ते धारणी-चिखलदऱ्यात आणि आपल्या झोपडपट्ट्यांत राहतात, आणि औषध अठरा कोटींचे. या विसंगतीबद्दल संताप यावा, तो योग्यच आहे. दिल्लीच्या आयजीआयबी या सरकारी संस्थेत स्वदेशी जनुक-संपादनाचे काम चालू आहे, तेथे आपली मुले संशोधक म्हणून गेली पाहिजेत, हे मी समोर बसलेल्या गुणवंतांना मुद्दाम सांगतो.

तोपर्यंत हात बांधून बसण्याचे कारण नाही. हायड्रॉक्सियुरिया नावाची गोळी आहे. तीही गर्भाचे हिमोग्लोबिन वाढवते, आणि ती महाग नाही. ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली, रक्ताची तपासणी करत करत घ्यायची असते, आणि गरोदरपण ठरवायचे असेल तर आधी डॉक्टरांना सांगायचे असते. भरपूर पाणी, लसीकरण आणि तापाला लगेच दवाखाना या साध्या गोष्टींनीही मुले वाचतात.

आणि लग्नाआधी तपासणी. हे मी जरा सावकाश सांगतो, कारण येथे गैरसमज फार आहेत. वाहक म्हणजे रोगी नव्हे. वाहकाजवळ एक जनुक चांगले असते आणि तो आपल्या सर्वांसारखाच जगतो. वाहक आणि निर्दोष व्यक्ती यांचे लग्न झाले तर सिकलसेलचे रुग्ण मूल होत नाही. निर्दोष व्यक्तीची तपासणी मात्र पूर्ण झालेली हवी, कारण थॅलेसेमियाचा वाहक जोडीदार असेल तरी मुलाला तसाच त्रास होऊ शकतो. दोघेही सिकलसेलचे वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात शेकडा 25 शक्यता रुग्ण मुलाची, 50 वाहकाची, 25 निर्दोषाची. प्रत्येक गरोदरपणात, हा शब्द महत्त्वाचा आहे. "चारातले एक झाले, आता पुढची तीन चांगली" असे समजून बसलेली कुटुंबे मी पाहिली आहेत. नाणे प्रत्येक वेळी नव्याने उडते. असे जोडपे आधीच विवाहित असेल तर गर्भाची तपासणी दहा-बारा आठवड्यांपासून करता येते, त्याविषयी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

दुसरा गैरसमज असा की, हा आपल्या समाजाला लागलेला डाग आहे. हे साफ चूक आहे. जेथे हिवताप होता तेथे हे जनुक टिकले, कारण वाहकाला हिवतापापासून संरक्षण मिळते. हे ॲलिसन यांनी 1954 मध्ये आफ्रिकेतील पाहणीवरून मांडले. आफ्रिका, अरबस्तान, ग्रीस, इटली, मध्य भारत हे सर्व त्याच नकाशात आहेत. डासाला जात कळत नाही. आणि सुनेला दोष देणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे की, रुग्ण मुलाकडे एक जनुक आईकडून येते तसे दुसरे बापाकडून आलेले असते. नागपूरचे संपत रामटेके आणि पुण्याचे डॉ. सुदाम काटे यांनी या आजारासाठी अनेक वर्षे काम केले. त्यांना अनुक्रमे 2018 आणि 2019 मध्ये पद्मश्री मिळाली. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश झाला, त्यामुळे ठरलेल्या अटींनुसार प्रमाणपत्र आणि सवलती मिळू शकतात. आपल्यातल्या किती पालकांनी ते प्रमाणपत्र काढले आहे, हे मी येथे विचारत नाही, पण संस्थेने विचारावे. केंद्राची सिकलसेल निर्मूलन मोहीम 1 जुलै 2023 रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून सुरू झाली, तिची मुदत 2047 पर्यंत आहे.

तपासणी दोन टप्प्यांत होते. पहिली सोल्युबिलिटी टेस्ट, बोटाच्या थेंबभर रक्तावर, काही मिनिटांत. त्यात द्रव गढूळ झाला तर सिकल हिमोग्लोबिन आहे एवढे कळते, पण वाहक की रुग्ण हे कळत नाही. त्यासाठी दुसरी, इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी. अर्धवट तपासणीवरून कोणाची सोयरीक मोडू नये आणि जुळवूही नये. अमरावतीला इर्विनमध्ये आणि अकोल्याला सर्वोपचार रुग्णालयात जाऊन चौकशी करावी, गावात असाल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात. तपासणीनंतर वाहकाला आणि रुग्णाला कार्ड मिळते. ते कार्ड पेटीच्या तळाशी लपवून न ठेवता पत्रिकेऐवजी सोयरिकीच्या बैठकीत काढावे. आपण पत्रिका तशाही पाहत नाही.

विद्यार्थ्यांपैकी कोणाला टीबीपीचे चित्र फळ्यावर काढून हवे असेल तर कार्यक्रमानंतर मी थांबणार आहे. खडू तेवढा आणावा. जय भीम.